ट्रान्स्फर केसची गळती : आधी सील की आधी शोध?

ट्रान्स्फर केस म्हणजे गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटून देणारी पेटी. इंजिन उभे बसवलेल्या जीप, पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींमध्ये ती गिअरबॉक्सच्या मागे असते आणि तिच्यातून दोन प्रोपेलर शाफ्ट बाहेर पडतात. इंजिन आडवे बसवलेल्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत हे काम पॉवर ट्रान्स्फर युनिट, म्हणजे पीटीयू करते. ही लहान पेटी गिअरबॉक्सला चिकटून बसते आणि मागच्या चाकांची ताकद काटकोनात वळवते. आत गिअर किंवा साखळी, बेअरिंग आणि काही रचनांत क्लच प्लेटा असतात. तेल मात्र फार थोडे असते: मोठ्या ट्रान्स्फर केसमध्ये साधारण एक ते दोन लिटर, पीटीयूमध्ये बऱ्याचदा लिटरपेक्षाही कमी. इंजिनातले तेल घटले तर डिपस्टिक सांगते, दाब पडला तर दिवा लागतो. ट्रान्स्फर केसला बहुधा डिपस्टिकही नसते आणि तेलाचा दिवाही नसतो. तेल निम्म्यावर आले तरी गाडी तशीच धावते. पहिली सूचना मिळते ती बेअरिंगच्या घरघरीतून, आणि तोवर पेटी उघडण्यावाचून इलाज उरलेला नसतो.

या गळतीकडे पाहण्याच्या दोन रीती गॅरेजांत आढळतात. एक मिस्त्रीची: तेल दिसते तिथले सील बदलायचे आणि गाडी मालकाच्या हाती द्यायची. दुसरी तंत्रज्ञाची: तेल का बाहेर आले हे कळल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. पुढचा संवाद या दोन रीतींमधला आहे.

मिस्त्री : साहेब, सील ही झिजणारीच वस्तू. रबर आहे, उन्हातान्हात आणि तापलेल्या तेलात वर्षानुवर्षे राहतं. कडक होतं, ओठाला चिरा जातात, तेल सुटतं. यात शोधायचं काय? सील स्वस्त असतं, गाडी उभी राहण्याचा खर्च मोठा असतो. ज्याची रोजी गाडीवर आहे त्याला तुमचा अहवाल नको, गाडी हवी असते.

तंत्रज्ञ : सील झिजतं हे खरं. पण झिजण्याच्या आधी ते मारलंही जातं. शाफ्टला प्ले असेल, ब्रीदर बुजला असेल, तेल जास्त भरलं असेल, तर नवं सीलही काही महिन्यांत गळायला लागतं. मग मालक म्हणतो, सील डुप्लिकेट निघालं. दुरुस्ती चुकली होती हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

वाद इथे सुरू होतो, पण पहिल्या पायरीवर दोघे एकत्र असतात: गळणारे तेल कोणते ते आधी ओळखायचे. अनेक ट्रान्स्फर केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल तेल वापरतात. जुन्या धाटणीच्या गिअरवाल्या पेट्यांत आणि बहुतेक पीटीयूंमध्ये जाड गिअर ऑइल असते. त्यातल्या गंधकयुक्त रसायनांचा उग्र वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. काही कंपन्यांचे खास तेल असते. जनरल मोटर्सचे ऑटो-ट्रॅक टू निळे येते. काळपट, पातळ आणि जळकट वासाचे तेल बहुधा इंजिनाचे असते. ते मागच्या क्रँक सीलमधून सुटते आणि वाऱ्याबरोबर मागे सरकत ट्रान्स्फर केसच्या बुडाशी जमा होते. मिस्त्री बोटावर थेंब घेऊन, चोळून, हुंगून हे सांगतो आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. मात्र जुने लाल तेल तपकिरी होते, निळे तेल काळवंडते. अशा वेळी पेटीचा लेव्हल प्लग उघडून आतल्या तेलाशी थेंब ताडून पाहणे हाच भरवशाचा मार्ग.

दुसरी पायरी उगम शोधण्याची. धावत्या गाडीखाली हवा पुढून मागे वाहते आणि तेलाचा पातळ थर सोबत नेते. पुढच्या आउटपुट सीलमधून सुटलेले तेल संपूर्ण पेटीवर पसरते आणि टपकते मात्र मागच्या टोकाशी. त्यामुळे सर्वांत खालचा ओला भाग हा तेल साचण्याचा भाग असतो. उगमासाठी सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला भाग पाहावा लागतो.

तंत्रज्ञ : म्हणून आधी पेटी डिग्रीझरनं धुवायची, पूर्ण वाळवायची, जोडांवर पांढरी पावडर मारायची आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवायची. पहिली ओली रेघ कुठून निघाली ते पावडरीवर दिसतं. तरीही कळलं नाही तर तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग घालायचा आणि दोन-तीन दिवसांनी दिवा मारून पाहायचं.

मिस्त्री : धुणं मलाही मान्य आहे. मातीचा थर बसलेल्या पेटीवर कुणीच काही सांगू शकत नाही. पण प्रत्येक गाडीला रंग आणि दिवा कशाला? शाफ्टच्या फ्लँजभोवती तेलाचं कडं दिसतं, वरच्या फरशीला चक्राकार शिंतोडे उडालेले असतात. ते सीलचंच काम.

मिस्त्रीची ही खूण पक्की आहे. फिरणाऱ्या फ्लँजवर आलेले तेल केंद्रापासून बाहेर फेकले जाते आणि आजूबाजूला पट्टा उमटतो. केसिंगच्या जोडातून किंवा प्लगमधून सुटलेले तेल असा पट्टा काढत नाही, ते सरळ खाली ओघळते. फेकलेले तेल दिसले तर सील गळते आहे हे सिद्ध झाले. का गळते हे अजून सिद्ध झालेले नाही.

या ‘का’ची सर्वांत दुर्लक्षित बाजू म्हणजे ब्रीदर. पेटीच्या माथ्यावर एक छोटी नळी किंवा टोपी असते आणि तिच्यातून आतली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली राहते. चालताना पेटी तापते. समजा सकाळी २५ अंश सेल्सियस असलेली आतली हवा ९० अंशांवर गेली. बंद जागेत वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २९८ वरून ३६३ केल्विन, सुमारे २२ टक्के वाढ. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर पेटीत बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.२ बार जास्त दाब तयार होतो. आकडा लहान दिसतो, पण साधे ऑइल सील तेल अडवण्यासाठी घडवलेले असते, दाब अडवण्यासाठी नव्हे. वाढलेला दाब सीलचा ओठ शाफ्टवर घट्ट आवळतो. घर्षण वाढते, ओठ तापतो आणि लवकर झिजतो, आणि झिजलेल्या ओठाखालून हाच दाब तेल बाहेर ढकलतो. शिट्टी चोंदलेल्या कुकरसारखी ही अवस्था असते: सर्वांत कमकुवत जागा आधी सोडते, आणि ट्रान्स्फर केसमध्ये ती जागा म्हणजे सीलचा ओठ.

पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांत याची उलट बाजूही घडते. तापलेली पेटी थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि पेटी बाहेरचे काहीतरी आत ओढू लागते. ब्रीदरचे तोंड पाण्याखाली असेल किंवा सीलचा ओठ सैल असेल तर आत पाणी जाते. लेव्हल प्लग उघडल्यावर तेल दुधाळ दिसते. अशी गाडी ‘गळती’ची तक्रार घेऊन आली तरी तिला आधी तेल बदलण्याची आणि ब्रीदरची नळी उंच, इंजिनाच्या कप्प्यापर्यंत नेण्याची गरज असते. सील त्यानंतर.

मिस्त्री : हे मी नाकारत नाही. कोकणातल्या आणि घाटाखालच्या गाड्यांचे ब्रीदर मी तारेनं साफ केलेले आहेत. पण सील बदलताना ब्रीदर साफ करायला किती वेळ लागतो? ते शोधकाम नव्हे, सवय आहे.

तंत्रज्ञ : सवय असेल तर वाद संपला. पण किती गॅरेजांत ती सवय आहे?

इथे तंत्रज्ञाचे पारडे जड आहे. ब्रीदर फुकट तपासता येतो, तरीही सीलच्या कामात तो क्वचितच तपासला जातो, कारण तो पेटीच्या माथ्यावर, नजरेआड असतो.

दुसरे फसवे कारण तेलाच्या पातळीचे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ट्रान्स्फर केस थेट जोडलेली असते तेव्हा दोहोंच्या मध्ये इनपुट सील असते. ते फाटले तर तेल बाहेर न येता एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जाते. गिअरबॉक्सची पातळी घसरते, ट्रान्स्फर केस गळ्यापर्यंत भरते आणि जादा तेल ब्रीदरमधून किंवा आउटपुट सीलमधून बाहेर पडते. गळती मागच्या टोकाला, कारण पुढच्या टोकाला. लेव्हल प्लग उघडताच तेल धारेने बाहेर आले, तर आउटपुट सीलला हात लावण्याआधी गिअरबॉक्सची पातळी पाहणे भाग आहे. मारुती जिप्सीसारख्या गाडीत हा प्रकार संभवत नाही. तिथे ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी टांगलेली असते आणि मधे आखूड प्रोपेलर शाफ्ट असतो. एका पेटीचे तेल दुसरीत जायला वाटच नाही, मात्र तीन शाफ्टांची तीन सीले उघड्यावर येतात आणि धूळ-चिखल झेलतात. म्हणून गाडीची रचना न पाहता केलेले निदान निम्मेच असते.

आता खुद्द सील बदलण्याकडे. इथे मिस्त्रीचा हात बोलतो आणि तंत्रज्ञाने ऐकायचे असते.

मिस्त्री : शाफ्ट उतरवायच्या आधी फ्लँजवर आणि शाफ्टवर खूण करायची, तसाच परत बसवायचा. नाहीतर गाडीनं वेग घेतला की ती थरथरते, आणि थरथर नव्या सीलला खाते. शाफ्ट उतरल्यावर फ्लँज हातात धरून वर-खाली, मागे-पुढे हलवायची. प्ले जाणवला तर सील बदलू नका, बेअरिंग बघा. मग जुनं सील काढताना घराला ओरखडा पडू द्यायचा नाही. नवं सील नीट बसवायला त्याच व्यासाची बुशी हवी, हातोडीनं एका कडेला ठोकलं की सील तिरकं बसतं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. ओठाला ग्रीस लावायचं, कोरडं सील पहिल्या काही फेऱ्यांतच जळतं.

तंत्रज्ञ : आणि फ्लँजवर जिथं ओठ घासतो तिथं?

मिस्त्री : तिथं नख फिरवायचं. नख अडकलं तर खाच पडलेली आहे.

ही खाच कळीची आहे. रबराचा ओठ आणि त्याला चिकटलेली धूळ मिळून वर्षानुवर्षे पोलादावर एक वर्तुळ कोरतात. नवे सील त्याच खाचेत बसले तर ओठ नीट टेकत नाही आणि तेल पहिल्या दिवसापासून सुटते. यावर तीन उपाय आहेत. फ्लँज नवी घालता येते. सील थोडे कमी-जास्त खोल बसवून ओठ न झिजलेल्या जागी आणता येतो, अर्थात घरात तेवढी जागा असेल आणि तेलाचे छिद्र झाकले जाणार नसेल तरच. किंवा खाचेवर सुमारे पाव मिलिमीटर जाडीची स्टेनलेस पोलादाची बाही चढवता येते. ती इतकी पातळ असते की त्याच मापाचे सील वापरता येते. पॉलिश पेपरने खाच ‘साफ’ करणे हा उपाय नव्हे. लांबीच्या दिशेने मारलेले बारीक ओरखडे तेलाला बाहेर जायची वाट करून देतात.

मागच्या बाजूला फ्लँजऐवजी सरकता योक असेल तर सीलच्या आत एक बुश असतो आणि योकला तोच आधार देतो. बुश झिजला की योक डगमगतो आणि ओठ एका बाजूला दबून दुसऱ्या बाजूला उघडतो. अशा गाडीत फक्त सील बदलणे म्हणजे तेच काम पुन्हा ओढवून घेणे. बुश आणि सील एकत्रच बदलावे लागतात.

सीलचा दर्जाही महत्त्वाचा. साधे नायट्राइल रबर सतत सुमारे १०० अंश सेल्सियसपर्यंत टिकते, फ्लोरोकार्बन रबर त्याच्या दुपटीच्या आसपास. पीटीयू बऱ्याच गाड्यांत तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी असते आणि त्यात तेल थोडे, त्यामुळे तिथे स्वस्त सील लवकर कडक होते. उष्णतेचे आणखी एक कारण टायरांत असते. पुढचे टायर नवे, ८ मिलिमीटर खाचेचे, आणि मागचे ४ मिलिमीटरवर आलेले असतील तर सुमारे ३४० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकांत १.२ टक्के फरक पडतो. म्हणजे दर किलोमीटरला मागची चाके सुमारे साडेपाच फेऱ्या जास्त फिरतात. हा फरक चारही चाके जोडणाऱ्या क्लच प्लेटांना सतत घासून पचवावा लागतो. तेल भाजते, सील भाजते. सील बदलणाऱ्याने टायरांकडे पाहिले नाही तर पुढचे सीलही त्याच वाटेने जाणार.

मिस्त्रीची ‘दिसेल ते सील बदला’ ही रीत पूर्णपणे हरते असे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षे शेव्हरले सिल्व्हराडो, टाहो, सबर्बन आणि त्यांच्या जीएमसी भावंडांत न्यू व्हेंचर गिअर कंपनीची २४६ क्रमांकाची ट्रान्स्फर केस बसवली जाई. तिचे केसिंग वजन वाचवण्यासाठी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. आत मुख्य शाफ्टवर फिरणारा तेलपंप आहे. पंपाच्या बाहेरच्या भागाने फिरू नये म्हणून त्याचे कान केसिंगच्या आतल्या भिंतीला टेकतात. शाफ्टच्या फिरण्याने हे कान सूक्ष्म प्रमाणात हलत राहतात आणि मऊ मॅग्नेशियमवर घासतात. हजारो किलोमीटरनंतर मागच्या केसिंगला आतून बाहेर असे बारीक भोक पडते.

या भोकाची जागाच फसवी. ते तेलाच्या स्थिर पातळीच्या वर असते. उभ्या गाडीखाली एकही थेंब पडत नाही. गाडी धावताना मात्र आत उसळणारे तेल त्या भोकातून धुक्यासारखे बाहेर येते आणि गाडीच्या मागच्या बुडावर पसरते. मालक जमीन कोरडी पाहून निश्चिंत असतो, गॅरेजवाला मागचा भाग ओला पाहून आउटपुट सील बदलतो, आणि तेल कमी होतच राहते. शेवटी पंपाला तेल मिळत नाही, बेअरिंग आणि साखळी जळते आणि पेटीच निकामी होते.

तंत्रज्ञ : इथं कितीही उत्तम सील घाला, उपयोग शून्य. धुऊन, पावडर मारून गाडी फिरवली असती तर केसिंगच्या वरच्या भागात बारीक ओला ठिपका दिसला असता.

मिस्त्री : मान्य. ही गोष्ट बोटानं कळणारी नाही. पण मग त्यावर उपाय काय? बाहेरून लांबी लावून भोक बुजवणार?

बाहेरून लावलेले इपॉक्सी फार तर घरी पोहोचवते, कारण आतले घासणे चालूच राहते. खरा उपाय पेटी उतरवून, मागचे अर्धे केसिंग बदलून किंवा कुशल माणसाकडून दुरुस्त करून, आणि पंप हलणार नाही अशा सुधारित बैठकीचा संच घालून होतो. मॅग्नेशियमचे वेल्डिंग खास कौशल्याचे आणि आगीचा धोका असलेले काम आहे, ते साध्या वर्कशॉपने अंगावर घेऊ नये. अशा पेटीच्या मालकाने मात्र भोक पडण्याची वाट पाहू नये. ठरावीक अंतरानंतर पेटी उघडून पंपाची बैठक बदलून घेतली तर केसिंग वाचते.

केसिंगच्या दोन अर्ध्यांमधला जोड हा त्यामानाने सोपा विषय. तिथे पॅकिंग नसेल तर द्रव सीलंट लावतात. दोन्ही पृष्ठभाग तेलाचा अंशही न ठेवता पुसायचे, पातळ अखंड रेघ द्यायची, बोल्ट सांगितलेल्या टॉर्कने आवळायचे आणि डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ द्यायचा. जाड थर लावणे हा दोषच. आत ओघळलेले सिलिकॉनचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात आणि गळती थांबवण्याच्या नादात पेटीचे तेलच बंद होते. गिअर लिव्हरच्या शाफ्टची, सेन्सरची आणि मोटरची ओ-रिंग याही गळतीच्या जागा आहेत. त्या बदलणे सोपे, ओळखणे त्याहून सोपे.

मिस्त्री : एक मात्र तुमच्याकडून ऐकायचं आहे, साहेब. सील नुसतं ओलसर आहे, धूळ चिकटली आहे, थेंब पडत नाही, पातळी वर्षभर तशीच आहे. अशी गाडी तुम्ही उघडता का?

तंत्रज्ञ : नाही. पातळी नोंदवतो, पुढच्या सर्व्हिसला परत पाहतो.

यावर मिस्त्रीचा अनुभव खरोखर वरचढ आहे. घाम फुटलेले प्रत्येक सील गळके नसते. फिरत्या ओठाखाली तेलाचा सूक्ष्म थर असावाच लागतो, आणि त्यातला थोडा बाहेर येतो. पातळी घटत नसेल तर पेटी उघडून नवे दोष घुसवण्यापेक्षा ती तशीच ठेवणे शहाणपणाचे. गळती थांबवणारी औषधे मात्र वेगळी गोष्ट. ती रबर फुगवतात. कडक झालेले सील त्यामुळे काही दिवस धरते, पण फाटलेला ओठ, खाच किंवा भोक यांवर त्यांचा परिणाम होत नाही. क्लच प्लेटा असलेल्या पेटीत ती तेलाचे घर्षणगुण बिघडवू शकतात. लांबच्या प्रवासात अडकलेल्या मिस्त्रीने गिअर-साखळीच्या साध्या पेटीत ती वापरली तर समजण्यासारखे आहे. क्लच असलेल्या पेटीत तोही निर्णय चुकीचा.

दुरुस्तीचा शेवटचा भाग तेल भरण्याचा, आणि गाड्या सर्वांत जास्त वेळा इथेच बिघडतात. आधी भरण्याचा प्लग सैल होतो का हे पाहायचे, मगच ड्रेन प्लग उघडायचा. उलट केले आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला तर गाडी रिकाम्या पेटीने उभी राहते. गाडी सपाटीवर, चारही चाके समपातळीत हवीत. एकाच टोकाला जॅक लावून भरलेले तेल पातळी चुकीची दाखवते. बहुतेक पेट्यांत तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत भरायचे असते, त्याहून जास्त नाही. तेलही कंपनीने सांगितलेलेच हवे: क्लच प्लेटांच्या पेटीत गिअर ऑइल ओतले तर गळती थांबूनही गाडी वळणावर अडखळते. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरची धातूची पूड पाहायची. बारीक करडा लेप नेहमीचा, चकचकीत कण मात्र बेअरिंगकडे बोट दाखवतात. पेटी पुसून कोरडी करायची, गाडी तापेपर्यंत चालवायची, थंड झाल्यावर परत पाहायची आणि साधारण पाचशे किलोमीटरनंतर लेव्हल प्लग पुन्हा एकदा उघडायचा.